तू ग्रेट आहेस, मम्मा

३ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, गठुड्याचा फोटोही मिळाला. तो मी शिलाई मशीनसमोरच्या खिडकीच्या चौकटीत खोचून ठेवलाय. पोरगी गोड आहे, त्यात वादच नाही. केस मात्र बापावर गेलेत, म्हणजे जवळजवळ नाहीतच.

आता पत्राविषयी. पहिलंच वाक्य, 'आम्हाला दात आला.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आम्हाला म्हणजे कोणाकोणाला? तुझे दात वेळच्या वेळी आले होते, मी स्वतः पाहिलेत, त्यातल्या दोघांनी माझा अंगठा फोडला होता. पुढे 'आम्ही भोपळा खायला लागलो', आणि त्याच्या खाली 'आम्हाला दोन दिवस शी झाली नाही'. बये, निदान तुझी शी तरी तुझ्यापाशी ठेव. मुलगी असून 'बाळराजे' कशासाठी? तुझा नवरा चांगला सरळ माणूस आहे, त्याला पानोपानी 'नवरोबा' म्हणून त्याची विटंबना कशासाठी? आणि ही 'मम्मी-जर्नी' काय भानगड आहे? जर्नी म्हणजे बॅग भरायची, तिकीट काढायचं आणि कुठंतरी पोचायचं. तू आठ महिने बेडरूममधून बाथरूममध्ये आणि बाथरूममधून बेडरूममध्ये जाते आहेस. तू रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी मुलगी. रजा संपल्यावर रिपोर्टवर 'रक्त कित्ती गोडुलं' असं लिहिलंस तर तुला कायमची घरी बसवतील, आणि ते खरंच गोडुलं असलं तर पेशंटला ॲडमिट करतील.

हे सगळं त्या तुझ्या ग्रुपमधून येतं, मला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी वाचलं असतं तर ब्रश फेकून मारला असता. जन्मभर पाट्या रंगवल्या त्यांनी, पण फालतू शब्द रंगवायचं नाव नाही. गिऱ्हाईक 'सुप्रसिद्ध', 'एकमेव', 'खात्रीशीर' असं लिहून आणायचं आणि बाबा त्याच्यासमोरच एकेका शब्दावर काट मारायचे. दुकान चांगलं असेल तर लोकांना कळेल, आणि नसेल तर पाटी काय करणार, असं त्यांचं म्हणणं. भांडून भांडून गिऱ्हाईक थकलं की ते एकच सांगायचे, परवा या. पाटी तयार असो वा नसो, परवा या.

आता तेवढंच उरलंय बघ. आजारपणात उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं, पण हे दोन शब्द कसे कोण जाणे तगले. सूप पुढे केलं की परवा या. डॉक्टर आले, परवा या. मी मोजे चढवायला वाकले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, परवा या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, घासून घासून गुळगुळीत झालेले शब्द शेवटपर्यंत टिकतात. गुळगुळीत शब्दांचा आयुष्यभर राग केलेल्या माणसावर ही वेळ. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून मी पडदे शिवते.

तुझ्या आईचा फोन असतो. दर वेळी म्हणते, तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत आहोत. बाबा हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एकदाच आली, चार तास बसमध्ये बसून, आणि तासाभरात अर्धा चहा टाकून परत गेली. आता तिने म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत बाबांसाठी जागा धरून ठेवलीय. एप्रिलअखेर हो की नाही ते कळवायचंय. ती गणिताची बाई, तिच्या लेखी उत्तर सरळ आहे. मला बाबांना कुठं पाठवायचं नाही. माझं सगळं ठीक चाललंय, तू काळजी करू नकोस.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोन वाजला की इकडे बाबा दचकून उठतात आणि तिकडे तुझी लेक उठते. पत्र कसं, कोणाची झोपमोड न करता दाराखालून आत येतं.

गठुड्याला पापा. माझ्यावरचा लोभ दाताइतकाच हळूहळू वाढू दे.

तुझी,
बारकी मावशी

१० मार्च

ती. बारक्या मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वाचून हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. नवऱ्याने वाचलं आणि तो तुझ्या बाजूने झालाय. 'नवरोबा' बंद करण्याबद्दल त्याने तुझे लेखी आभार मानायला सांगितलेत.

पण मावशी, तू बाहेरून खडे मारते आहेस. मला मूल झालं तेव्हा आई शाळेच्या कामात अडकलेली, सासूबाई पाठदुखीने आडव्या आणि तू आजोबांपाशी. भर दुपारी लेक किंचाळत असताना ज्या बायकांनी मला उत्तरं दिली त्या सगळ्या या ग्रुपमधल्या. 'मऊ दुलई' त्याचं नाव. हस, हसून घे. सात हजार आया आहेत आणि आम्ही तिघी ॲडमिन.

शब्दांचं म्हणशील तर मलाही वीट येतो. 'पिल्लू' वाचून वाचून मला आता पक्ष्यांचाच राग यायला लागलाय. काहीही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, 'फेज आहे, निघून जाईल.' मूल रडतं, फेज आहे. मूल रडत नाही, तीही फेज. दुसरं उत्तर, 'प्रत्येक क्षण जगून घे, फार पटकन मोठी होतात.' ज्या बाईने तीन दिवसांत केस विंचरले नाहीत तिला हे सांगायचं. तिसरी असते ती म्हणते, 'आई म्हणून सांगते,' आणि मग जे सांगते ते कोणीही सांगेल. आणि सगळ्यांवर रामबाण म्हणजे, 'तू ग्रेट आहेस, मम्मा.' पुढे चार बदाम. बदामांचा खर्च नाही, म्हणून आम्ही सढळ हाताने वाटतो.

तरी त्यात माया असते गं. तू एकदा आत येऊन बघायला हवंस. पण तुला प्रवेश नाही. फॉर्म भरावा लागतो, नाव, बाळाचं वय, बाळाची मुख्य अडचण, आणि तो मंजूर करणारी मीच. लहान मूल नसेल तर बाहेर, असा नियम आहे आणि तो मीच केलाय.

तू ठीक आहेस असं लिहितेस. खरंच आहेस ना?

लोभ आहेच, टोमणे थोडे कमी कर म्हणजे तो दिसेल.

तुझी,
टिटवी

१६ मार्च

चि. टिटवीस, अ. आ.

घाईत कार्ड. त्या दुलईत शिरायचं कसं, शोधायचं कुठं, ते नीट लिही. शेजारणीला हवंय.

बाबा बरे. मी बरी. पडदे जोरात.

बा. मा.

३० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी शेजारीण सापडली का ग्रुप? कोणती ती मला कळलं नाही, रोज पन्नास फॉर्म येतात.

आज एक गंमत सांगायचीय. आमच्याकडे एक नवीन मम्मा आलीय. तिने नावाच्या जागी चक्क 'अमुक' लिहिलं, म्हणून सगळ्या तिला अमुक मम्मा म्हणतात. तिचं बाळ ब्याऐंशी आठवड्यांचं, म्हणजे एकोणीस महिन्यांचं. आमच्याकडे दोन वर्षांपर्यंत सगळ्या आठवड्यांतच मोजतात, तू त्यावरही एक पत्र लिहिशील, नकोच. तर हे बाळ भलतंच हट्टी. चमचा फेकतं, अंगावरचे कपडे काढतं, भिंतीला धरून चालतं, दोनच शब्द बोलतं आणि आई नजरेआड झाली की घर डोक्यावर घेतं. आणि ही बाई ते इतकं कोरडं लिहिते की पोट दुखेपर्यंत हसतो आम्ही. तिने एकदाही पिल्लू म्हटलेलं नाही. 'आमचं बाळ काल माझ्यावर थुंकलं, नेम चांगला आहे' असं लिहिते. मला राहून राहून तुझी आठवण येते.

मीही तिला थोडं सुचवलं. जेवायच्या वेळी दोन वाट्या समोर ठेवून यातली कोणती असं विचारायचं, म्हणजे निवड बाळाची. आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत. एक जाड ब्रश आणि साध्या पाण्याची बादली द्यायची, बसू दे भिंत रंगवत. वाळली की पुन्हा नवी पाटी. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

काल मात्र तिने वेगळंच लिहिलं. सकाळपासून बाळाने तिला अंघोळीलाही जाऊ दिलं नव्हतं. दुपारी ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली, नळ मोठा सोडला आणि बाळ बाहेरून दार बडवत असताना आत स्टुलावर नुसती बसून राहिली. दार उघडायचं मनात येईना, असं लिहिलंय. उघडलं शेवटी. तेवढंच. विनोद नव्हता त्यात.

मी लगेच लिहिलं, 'तू ग्रेट आहेस, मम्मा.' बदामही दिले. पाठोपाठ पावणेदोनशे जणींनी तेच लिहिलं. आता बरं वाटलं असेल तिला.

गठुडं (बघ, तुझा शब्द घेतला) आता बसतं आणि बसल्या बसल्या उलटं पडतं. लोभ तसाच ठेव, तो पडत नाही एवढं बरं आहे.

तुझी,
टिटवी

६ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्या अमुक बाईबद्दल मला काही म्हणायचं नाही.

इकडे बाबांची तब्येत जरा बरी. जेवण बरंच सुधारलंय. मी आता दोन वाट्या पुढे ठेवते, डाव्या हाताच्या बोटाने एक दाखवतात आणि दाखवलेली संपवतात. दाखवली म्हणजे खायलाच हवी, असा त्यांचा बाणा आहे. पुढच्या खोलीतलं, त्यांच्या जुन्या दुकानाचं लोखंडी शटर आतून त्यांना मोकळं करून दिलंय. खुर्ची, बादलीत साधं पाणी, त्यांचाच चार बोटं रुंदीचा ब्रश. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रशकडे बघितलं, मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी ब्रश धुऊन ठेवायला विसरले आहे. मग डाव्या हाताने उभ्या रेघा ओढायला लागले. नुसत्या उभ्या रेघा, शिकाऊ पोरांना ते पहिलं वर्षभर द्यायचे तशा. वाकड्या आल्या की कपाळाला आठ्या. वाळलं की पुन्हा नवी पाटी. मी शेजारी मशीन आणून बसवलं, तासभर कोणी कोणाला हाक मारली नाही.

तासभर, टिटवे. सलग शिवण झाली, दोऱ्याचं रीळ संपलं तेव्हा कळलं.

तुझ्या आईचा फोन आला होता. संस्थेवाले विचारतायत म्हणाली. आणि शेवटी तेच, तू आहेस म्हणून.

गठुड्याला सांग, उलटं पडणं ही कला आहे, घाई नको. लोभ असू दे, त्याला निवडायला दुसरी वाटी नाही.

तुझी,
बारकी मावशी

१० एप्रिल

मावशी,

नमस्कार वगैरे सगळं धर. मी तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. दोन वाट्या इथपर्यंत मी नुसती हसत होते, म्हटलं, वा, मावशीने माझ्या पत्रातलंच उचललं. मग 'दोऱ्याचं रीळ संपलं तेव्हा कळलं' वाचलं. हेच वाक्य, शब्दन् शब्द, अमुक मम्माने गेल्या आठवड्यात ग्रुपवर लिहिलं होतं. ब्याऐंशी आठवडे. ब्याऐंशी. मावशी, आजोबा!

मी जाऊन फॉर्म काढून बघितला. नाव अमुक. बाळाचं वय ८२. बाळाची मुख्य अडचण, 'स्वभाव'. आणि खाली मंजुरी माझी.

आधी मला इतकं हसू आलं की नवरा धावत आला. त्याला सांगता सांगता मला बाथरूमची गोष्ट आठवली आणि मी खाली बसले. तू नळ सोडून आत बसली होतीस. तू. आणि मी तुला बदाम पाठवले, चार. ज्या शब्दांची तुझ्यापाशी वीसेक दिवस आधी टिंगल केली तेच उचलून तुझ्या तोंडावर मारले, आणि वर तुलाच पत्राने कळवलं की आता बरं वाटलं असेल तिला. मला माझीच लाज वाटते. तू परकी बाई असतीस तरी लाजच वाटायला हवी होती.

बाकीच्या दोघी ॲडमिनना सांगावं लागलं. एक दातांची डॉक्टर आहे, ती म्हणते खोटी माहिती, सदस्यत्व रद्द. दुसरी अजून हसतेय.

मी येतेय. लेकीला घेऊन, येत्या शुक्रवारी. सामान खूप असेल. नाही म्हणू नकोस.

टिटवी

१४ एप्रिल

चि. टिटवीस,
आशीर्वाद आहेतच, तू नमस्कार धरून ठेवलास तरी.

पहिली गोष्ट, मी खोटं काही लिहिलेलं नाही. तुमच्या फॉर्मने वय विचारलं, मी वय लिहिलं. आठवडे की वर्षं हे त्यात कुठंही नव्हतं. मी वाट बघत होते की कोणीतरी चमकेल, तर तू 'वेलकम मम्मा' लिहून मला आत घेतलंस. दातांच्या डॉक्टरला सांग, तिच्या फॉर्मला कीड लागलीय.

मी गंमत म्हणून आत आले होते. तुला पकडून चिडवायचं, एवढाच बेत. पण मग एकीने विचारलं की तुमचं बाळ रात्री किती वेळा उठतं, आणि मी लिहायला बसले ती लिहीतच गेले. मला असं कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर बाबांचं विचारतात, ताई बाबांचं विचारते. तुझ्या त्या बदामवाल्या बायका पहिल्या, ज्यांनी माझ्या झोपेची चौकशी केली. म्हणून त्यांना मी नावं ठेवणार नाही. म्हणजे ठेवणारच, पण प्रेमाने.

दोन गोष्टी मात्र टोचल्या, त्या तुला सांगते, कारण तू विचारलं होतंस आणि मी ठीक आहे लिहून तुझी बोळवण केली होती.

बाबांनी तीन वेळा कपडे काढले त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, तर खाली वीस जणींनी लिहिलं, फेज आहे, निघून जाईल. अगं, खरंय त्यांचं. निघूनच जाईल. तुमची फेज गेली की मूल शाळेत जातं. माझी गेली की खुर्ची रिकामी. मला ही फेज सहन होत नाही आणि ती जायलाही नकोय, आता ह्याला तुमच्या दुलईत काय शब्द आहे?

आणि दुसरं ते ग्रेट. तुम्ही सगळ्या मनापासून म्हणालात, मला माहीत आहे. ताईही मनापासूनच म्हणते, तू आहेस म्हणून. पण मला कोणी ग्रेट म्हटलं की मला एवढंच कळतं, ही येणार नाही. मला ग्रेट म्हणू नका गं. मला अंघोळीला अर्धा तास द्या.

हे कोणाला तोंडाने सांगता येत नाही मला. बारकी आहे ना, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते घ्यायची सवय.

त्या दोघींना आणि सगळ्या सात हजारांना खरं काय ते सांगून टाक. काढलं तर काढलं.

ये. सामान आण. गादी गच्चीत वाळवून ठेवते. ताईला काही सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल.

तुझी,
अमुक मावशी

२४ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद. पत्रास कारण की,

तुझ्याकडून परतताना मुलगी माझ्याकडे उतरली आणि तिने मला समोर बसवून झापलं. वर्गात मी पोरांना झापते तसंच, आवाज न चढवता. ती तुझ्याकडे पाच दिवस होती, तू रोज अर्धा तास अंघोळ केलीस आणि पहिल्या दिवशी आत स्टुलावरच झोपलीस, हे तिने सांगितलं. बाथरूमचंही सांगितलं. तू नको म्हटलं होतंस तेही सांगितलं.

मला तुझ्याशी एक सरळ बोलायचंय. तू समजतेस मी अर्धा चहा टाकून पळाले. मी त्या दिवशी आठ दिवसांची बॅग घेऊन आले होते, ती मी दारामागे ठेवली होती, तू पाहिली नसशील. मी बाबांच्या पायाशी जाऊन बसले. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं, ओळखलं, त्यात शंका नाही, आणि दाराकडे हात करून म्हणाले, 'परवा या.' मी दोनदा विचारलं, बाबा, मी राहू का? दोन्ही वेळा तेच. 'या' म्हणाले गं मला, अहोजाहो, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. मला वाटलं, त्यांना मी नकोय. आजारपणात माणूस खरं बोलतो असं ऐकलं होतं. बॅग उचलली आणि निघाले. बसमध्ये चार तास रडले. पुन्हा जायचा धीर झाला नाही, म्हणून मग ती संस्था शोधली, म्हटलं, निदान तेवढं तरी करावं.

ते सूपलाही परवा या म्हणतात, हे मला परवा मुलीकडून कळलं. तू मला फोनवर रोज सगळं ठीक आहे सांगत होतीस. एक दिवस हे सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण मीही विचारलं नाही. तेव्हा दोघींचे गुण कापते.

संस्थेला नाही कळवलंय. या महिन्याअखेर माझी नोकरी संपते. एक तारखेपासून दहा दिवस मी तिकडे राहीन, मग पंधरा दिवस इकडे, पुन्हा दहा दिवस तिकडे. वेळापत्रक सोबत जोडत नाही, कारण तू त्याची चेष्टा करशील.

तू ग्रेट वगैरे काही नाहीस. लहानपणापासून हट्टी आहेस. पण लोभ आहे, आणि तो फोनवर नीट सांगता येत नाही.

तुझी,
ताई

१३ मे

चि. टिटवीस,
अ. आ. वि. वि.

तू आईला सगळं सांगितलंस त्याबद्दल तुला कान पकडून उभी करायला हवी. करेन सवडीने.

आधी दुलईची खबर, तुला माहीत असली तरी माझ्या बाजूने ऐक. तू खरं सांगितलंस त्या दिवशी मला चाळीस जणींनी फसवी म्हटलं, एकीने तर माझ्यापायी तिचा विश्वासावरचाच विश्वास उडाल्याचं कळवलं. मी म्हटलं, ठीक, गाशा गुंडाळावा. दुसऱ्या दिवशी एकीने हळूच विचारलं, बाळ जेवलं का? मग दुसरीने लिहिलं, तिच्या सासूबाई एकोणऐंशी आणि चमचा फेकतात. संध्याकाळपर्यंत अशा तीसजणी निघाल्या, इतके दिवस नातवंडांच्या आड लपून बसलेल्या. दातांच्या डॉक्टरने शेवटी फॉर्म बदलला, आता 'आठवडे, महिने की वर्षं' असं विचारतात, आणि मी आत राहिले. बदल्यात तिने मला 'फेज' शब्द वापरणाऱ्यांना समज द्यायचं काम दिलंय. मी ते जोरात करते.

आता तुझी आई. ठरल्याप्रमाणे एक तारखेला हजर, बॅग यावेळी दारामागे नाही, घराच्या मधोमध. पहिल्या दिवशी बाबा तिला नेहमीचं म्हणाले आणि तिचा चेहरा उतरला, तेवढ्यात ते खुर्चीलाही तेच म्हणाले, तेव्हा हसली. मग दहा दिवस तिने घर ताब्यात घेतलं. वाट्या दोनच्या तीन केल्या. शटरवरच्या रेघांना फुटपट्टी लावून बघितली आणि बाबांना सांगितलं की चौथी वाकडी आहे. बाबांनी तिच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं आणि चौथी पुन्हा काढली. मी रोज अंघोळीला जाऊन आले, दोनदा नुसतीच रस्त्याने फिरून आले, एकदा तर काही काम नसताना बसच्या थांब्यावर बसून राहिले. काय सुख गं ते.

परवा तिचे दहा दिवस भरले. सकाळच्या बसने निघाली. निघताना बाबांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसरं काय म्हणणार, तेच म्हणाले. ती सरळ उभी राहिली, बरं म्हणाली, आणि गेली. मी दार लावलं. घर एकदम मोठं वाटायला लागलं. म्हटलं, पंधरा दिवस काय, बघता बघता जातील.

आज सकाळी मी मशीनवर होते, बाबा शटरपाशी, तर कोणीतरी बाहेरून शटर वाजवलं. उघडून बघते तर ताई. तीच बॅग. चार तास जायला, चार तास यायला, मध्ये एक दिवस घरची झाडं भिजवायला. मी विचारलं, अगं, पंधरा दिवसांनी येणार होतीस ना? ती माझ्यावरच डाफरली. म्हणाली, 'त्यांनी परवा या म्हटलं होतं.' आणि मला बाजूला सारून आत गेली, बाबांच्या हातून ब्रश घेतला, तो बादलीत बुडवून नीट निथळला आणि परत त्यांच्या हातात दिला.

आत्ता ती दोघं बाहेरच्या खोलीत रेघांवरून भांडतायत. एकीकडे दोनच शब्द आहेत, तरी भांडण बरोबरीत चाललंय. पाणी तापलंय, तेव्हा आता पत्र आवरते. गठुड्याला पापा, नवऱ्याला आशीर्वाद. लोभ काढून ठेव, आम्ही न्यायला येऊ, पण कधी ते मला विचारू नकोस, बाबांना विचार.

तुझी,
बारकी मावशी